काट्यावर तोललीत तर बुसरा हरणारच

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात आमच्या भागातल्या पशुप्रदर्शनाची बातमी आली. 'पावणेचार किलोचा गावरान कोंबडा ठरला आकर्षण' असा मथळा, आणि खाली फेटेवाल्या मान्यवरांच्या मधोमध तो कोंबडा. कोंबडा देखणा होता, वाद नाही. मालकाने त्याला जीव लावून वाढवलाय हेही दिसत होतं. पण तो गावरान नव्हता. विटकरी रंगाचा, जाड पायांचा, रुंद छातीचा तो सरळसरळ संकरित पक्षी होता. असले पक्षी हॅचरीतून एक दिवसाचे येतात आणि आठवडे बाजारात 'गावरान' म्हणून विकले जातात. बातमीदाराला ते कळायलाच हवं होतं असं माझं म्हणणं नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांनीच त्याच्या गळ्यात पट्टा घातला, म्हणून हे पत्र.

मी नवापूर तालुक्यातली. आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीमागच्या परसात बुसरा कोंबड्या आहेत. गिरणीत सांडलेला कोंडा-कण्या, चाळणीतली किडकी ज्वारी यावर त्या पोसल्या जातात, बाकीचं त्या रानातून वेचून खातात. बुसरा म्हणजे काय, हे नंदुरबार-धुळ्याबाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. गायी-म्हशींच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या देशी जातींची नोंद तिथे होते, तशी कोंबड्यांचीही होते. देशभरातल्या वीसेक कोंबड्यांच्या जाती त्या यादीत आहेत: असील, कडकनाथ, अंकलेश्वर, निकोबारी, केरळची तेल्लीचेरी, ओडिशाची हंसली. त्याच यादीत बुसरा आहे, आणि तिच्यापुढे गुजरात आणि महाराष्ट्र अशी दोन राज्यांची नावं आहेत. आमचं नवापूर रेल्वे स्टेशन जसं अर्धं इकडे अर्धं तिकडे, तशीच ही कोंबडी. गुजरातेत उच्छल-सोनगडच्या बाजूला लेक दिली की टोपलीत दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) जातात, तिकडून सून आली की चार इकडे येतात. जात टिकली ती अशी.

दिसायला ती लहानखुरी. अंग बहुतेक पांढरट, मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळी पिसं, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस-तपकिरी. डोक्यावर एकेरी लाल तुरा. कोंबडा साडेआठशे ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत, कोंबडी जवळपास तेवढीच. वर्षाला चाळीस ते पंचावन्न अंडी, आणि एकेक अंडं तीस-पस्तीस ग्रॅमचं. हे आकडे काही लपवण्यासारखे नाहीत. सरकारी कागदातही तेच आहेत.

आता सांगा, सव्वा किलोचा कोंबडा पावणेचार किलोच्या कोंबड्यापुढे काट्यावर कसा टिकेल?

त्या प्रदर्शनात मी एक कोंबडा आणि दोन कोंबड्या नेल्या होत्या. आदल्या दिवशी कोंबड्याला कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसाने धुतलं. पिसांच्या कलानेच हात फिरवायचा, उलटा फिरवला की पिसाचे तंतू फाटतात आणि पीस पुन्हा नीट बसत नाही. मग गिरणीच्या ओट्यावर उन्हात डालग्याखाली ठेवला, पिठाची धूळ बसू नये म्हणून डालग्यावर ओलं फडकं टाकलं. सकाळी तुऱ्याला आणि पायांच्या खवल्यांना खोबरेलाचं बोट लावलं, जास्त नाही, नाहीतर धूळ चिकटते. पंधरवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ त्याला हातात घेत होते. तळहातावर छाती टेकवायची, दोन बोटांच्या मधे पाय धरायचे, दुसरा हात पाठीवर. असा धरलेला पक्षी निवांत राहतो, बघणाऱ्याला त्याचं छातीचं हाड चाचपता येतं, पंख उलगडून खाली उवा-पिसवा आहेत का ते बघता येतं.

मंडपात काय झालं? एका स्वयंसेवकाने त्याचे पाय सुतळीने बांधले, काट्याच्या आकड्याला उलटा अडकवला, आकडा मोठ्याने वाचला, खाली उतरवला, पुढचा घेतला. पंख उलगडले नाहीत, तुरा पाहिला नाही, चोच उघडली नाही. वहीत नाव आणि वजन एवढे दोनच रकाने. परीक्षक साहेब अदबीने बोलले, म्हणाले, "ताई, तुमचा कोंबडा छान आहे, पण बारीक राहिलाय, खुराक वाढवा." सव्वा किलोच्या जातीचा कोंबडा सव्वा किलोचाच भरला, हा खुराकाचा दोष झाला!

मला बक्षीस मिळालं नाही म्हणून ही कुरकुर, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला विचारायचंय ते एवढंच: स्पर्धेचं नाव 'देशी कोंबडी' आहे, तर ती जातवार का घेत नाही, आणि लक्षणांवर का तपासत नाही?

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही. आमच्याच जिल्ह्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे घोडा कुणी वजनावर पाहतं का? कान कसे वळतात, मान कशी घेतो, भोवरा कुठे आहे, पंचकल्याणी आहे का, चाल कशी आहे, हे पाहणारे जुने जाणकार तापीकाठी भेटतात आणि त्यांच्या शब्दावर लाखांचे सौदे होतात. खिलार खोंडाच्या स्पर्धेत आधी दात मोजतात, अदत वेगळा, दोनदाती वेगळा, चारदाती वेगळा, मग शिंग, वशिंड, कातडी, खूर. उद्या जर्सी खोंड वजनाने भारी भरला म्हणून त्याला 'उत्तम खिलार'चा मान दिला, तर मंडप जागेवर राहील का? मग कोंबडीनेच काय घोडं मारलंय?

उत्तर मला ठाऊक आहे. घोडा आणि बैल पुरुषांचे, कोंबडी बायकांची. कोंबडीचा पैसा मीठ-मिरचीचा, वही-पेनाचा, औषधाचा. त्याला मांडव कशाला, असा विचार असतो, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

विलायतेत हा प्रकार पावणेदोनशे वर्षं चालू आहे. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे झुंजींवर 1835 मध्ये कायद्याने बंदी आली होती. झुंजीचे कोंबडे पाळणारे हौशी लोक मग पक्षी देखणा करण्याच्या मागे लागले. 1865 मध्ये जातींची लक्षणं लिहून काढलेलं पुस्तक निघालं. तुरा कसा हवा, पाठ किती कललेली हवी, पायाला बोटं किती. डॉर्किंग नावाच्या जातीला पाच बोटं लागतात, चार असली की पक्षी बाद, मग तो कितीही धष्टपुष्ट असो. आजही तिकडे जातीगणिक नर, मादी, वर्षाच्या आतला कोंबडा, तलंग असे वेगवेगळे गट असतात, आणि एक कोंबडा दोन कोंबड्या असं त्रिकूटही मांडतात.

(यातली गंमत अशी की इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये लोकांनी आपल्याकडून गेलेल्या असील कोंबड्यापासून एक रुंद छातीची जात तयार केली आणि तिचं नाव ठेवलं 'इंडियन गेम'. तीच पुढे कॉर्निश झाली. पांढरा कॉर्निश नर आणि पांढरी प्लायमाउथ रॉक मादी यांच्या संकरातून ब्रॉयलर उभा राहिला. म्हणजे आपण शेडमधून किलोवर आणतो त्या कोंबडीच्या रक्तात असील आहे. त्यांनी आपली जात नेऊन पिढ्यान् पिढ्या निवड केली, आणि आपण आपलीच कोंबडी सुतळीने बांधून उलटी टांगतो.)

त्यांच्या नादाचं सगळंच घ्यावं असंही नाही. नुसत्या रूपावर निवड केली की पक्षी शोभेचा होतो आणि अंगचे गुण जातात. अंड्यावर नीट न बसणारी, घारीची सावली पाहून पिल्लांना हाक न देणारी बुसरा मला नको. म्हणून माझी सूचना थोडी वेगळी आहे. लक्षणांच्या गुणांबरोबर 'पिल्लांसह कोंबडी' असाही एक गट ठेवा. ती कोंबडी मंडपात आणायची नाही, पिल्लांना तो ताण झेपत नाही. पशुधन पर्यवेक्षकांनी गावात येऊन पाहावं: कोंबडी खुडूक बसली कधी, खाली अंडी किती ठेवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं किती निघाली, आणि दोन महिन्यांनी त्यातली किती फिरताहेत. बुसराखाली आम्ही दहा-बारा अंडी ठेवतो, अंग लहान, त्याहून जास्त झाकली जात नाहीत. त्यातून निघालेली पिल्लं दोन महिन्यांपर्यंत घार, मुंगूस, बोका आणि मानमोडीचा (राणीखेत) रोग यांच्यातून वाचवून आणणारी कोंबडी ही खरी बक्षिसाची धनी. तिला इनक्युबेटर नको, ब्रूडरचा बल्ब नको. आमच्याकडे बल्बची वीजही रात्रभर असेलच असं नाही.

हा मुद्दा मी उगाच ताणत नाही. सरकारी योजनांमधून गिरीराजा, वनराजा या संकरित पक्ष्यांची पिल्लं वाटली जातात. चांगले पक्षी आहेत, अंडी जास्त, अंग मोठं, माझा त्यांच्याशी दावा नाही. ज्याच्याकडे बांधीव खुराडं आहे, खाद्य विकत घ्यायची ऐपत आहे, त्याने जरूर पाळावेत. पण त्यांचे नर गल्लीत मोकळे फिरतात आणि आमच्या कोंबड्यांवर चढतात. पिल्लं अंगाने भरतात, घरचे खूश होतात. पुढच्या पिढीत मात्र मादी अंडी घालते आणि चालू लागते, खुडूक बसायचं नावच घेत नाही. मग पिल्लांसाठी पुन्हा हॅचरीच्या गाडीची वाट पाहायची. तिसऱ्या पिढीला परसात कोंबड्या भरपूर, बुसरा एकही नाही. आणि त्यात काट्यावरचं बक्षीस त्या संकरित नराला मिळालं की गावात प्रत्येकाला तोच नर हवासा होतो. प्रदर्शनाचा असा उलटा परिणाम मी डोळ्यांनी पाहतेय.

घरातही नर राखायची सवय आपल्याला नाही. सगळ्यात उमदा, रंगाने उठावदार कोंबडा असतो तोच नवसाला जातो, देवमोगराच्या यात्रेला जातो, पाहुणे आले की तोच हाताला लागतो. मागे राहतो तो लंगडा, नाहीतर भित्रा, आणि पुढच्या वर्षीची पिल्लं त्याची. देवाला कोंबडा देऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही देते. पण आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला नर पायात रंगीत कडी घालून बाजूला ठेवावा, वर्ष-दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करावी, म्हणजे सख्ख्यात सख्खं होत नाही. आमच्या बचत गटात आम्ही हे सुरू केलंय. कडी घातलेला कोंबडा कापायचा नाही, एवढा एकच नियम. प्रदर्शनात कडीवाल्या नराला मान मिळाला, तर हा नियम पाळायला घरातल्या पुरुषांचं मन वळवणं सोपं जाईल.

आता बर्ड फ्लू. नवापूरचं नाव काढलं की बाहेरचा माणूस पहिलं तेच विचारतो. फेब्रुवारी 2006 मध्ये देशात पहिल्यांदा तो रोग आमच्याकडे सापडला. लाखो पक्षी मारले गेले. पांढरे पोशाख घातलेली पथकं शेडमध्ये गेली आणि मग गावातल्या खुराड्यांपर्यंतही आली. रोगाचा फैलाव थांबवायचा तर ते करावं लागतं, मला कळतं. पण नंतर शेड भरली हॅचरीच्या पिल्लांनी. परसातल्या बुसराची पिल्लं कुठल्या हॅचरीत मिळणार? आमच्या सासूबाईंनी माहेरून, डोंगरापलीकडून दोन तलंगा आणि एक नर आणला, तेव्हा आमचं खुराडं पुन्हा चालू झालं. सगळ्यांना असं माहेर नव्हतं. 2021 मध्ये पुन्हा तेच. भरपाई पक्ष्यामागे मिळते, जात गेली तर तिचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही. जिचा मूळ मुलूखच मोठ्या पोल्ट्री पट्ट्याला खेटून आहे, अशा जातीचा एखादा कळप दूर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रक्षेत्रावर राखून ठेवायला हवा. खडकीला, कोल्हापूरला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेतच.

बर्ड फ्लूचं कारण सांगून कोंबड्यांची स्पर्धाच बंद करा, असंही एक मत ऐकलं. ते मला पटत नाही, पण शिस्त मात्र हवी. जिल्ह्यात रोग असेल त्या वर्षी प्रदर्शन नाही, यात तडजोड नको. एरवी पशुवैद्यकाचा दाखला असल्याशिवाय पक्षी आत नाही. लासोटा आणि आर-टू-बी या मानमोडीवरच्या लसी झालेल्या असाव्यात. प्रत्येक पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, पाण्याची वाटी ज्याची त्याची. घरी परतल्यावर दोन-तीन आठवडे तो पक्षी बाकीच्यांपासून लांब. गेल्या वेळी सगळ्यांच्या कोंबड्या एकाच जाळीत कोंबल्या होत्या, आणि बक्षिसापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त वाटली.

दुसरी शंका झुंजींची. कोंबड्यांचा मेळा भरला की मागच्या शेतात पैजा लागतात, हे खरं आहे. प्राण्यांची झुंज लावणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्याला झुंज लावायची आहे त्याला तशीही प्रदर्शनाची गरज पडत नाही. तमिळनाडूत दिंडीगलकडे पोपटासारख्या चोचीच्या, लांब शेपटीच्या असील कोंबड्यांची प्रदर्शनं भरतात. चोच, शेपटी, उभं राहण्याची ढब यावर बक्षिसं, झुंज नाही. आपल्याकडेही असीलचा गट ठेवला तर दोन नर समोरासमोर आणायचे नाहीत, एवढा नियम फलकावर लिहावा.

आणि कृपा करून बुसराचा कडकनाथ करू नका. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, तिच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भिल्ल-भिलालांच्या अंगणातली कोंबडी देशभर माहीत झाली, चांगलं झालं. पण लगेच आपल्या राज्यात पिल्लं द्या, अंडी परत घेऊ, एवढ्या दिवसांत एवढे लाख, अशा योजना निघाल्या आणि 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातले किती शेतकरी त्यात बुडाले ते आपणच छापलं होतं. बुसरा कुणाला लखपती करणार नाही. ती उतारावरच्या दोन खोल्यांच्या घरात, विकतचं खाद्य न मागता, अडीनडीला दोन-तीनशे रुपये हाताशी देणारी कोंबडी आहे. तेवढंच सांगून तिला पुढे आणा.

शेवटी माझी मागणी पुन्हा स्पष्ट मांडते. जिल्हा परिषदेच्या आणि तालुक्याच्या पशुप्रदर्शनात बुसरासाठी स्वतंत्र गट असावा: नर, मादी, तलंग आणि त्रिकूट. संकरित पक्ष्यांचा गट वेगळा, त्यांना खुशाल काट्यावर तोला. कर्नालच्या नोंदीतली लक्षणं मराठीत एका पानावर छापून परीक्षकांना द्या, एक पान पाळणाऱ्या बायकांनाही द्या. परीक्षकांत एकतरी अशी बाई असावी जिने आयुष्यभर कोंबड्या उबवल्या आहेत. आमच्या पाड्यांवर अशा बायका पैशाला पासरी मिळतील. आणि सारंगखेड्याला घोड्यांसाठी एवढा मोठा मांडव पडतोच, त्याच्या कडेला बुसराची एक रांग लावायला आयोजकांनी हरकत घेऊ नये.

पिंजरे नाहीत, असं कारण मला यंदा सांगितलं गेलं. बांबूचे हवेशीर पिंजरे विणणारे कारागीर आमच्याच तालुक्यात आहेत, लोखंडी जाळीपेक्षा स्वस्त पडतील, आणि कोंबडीचं शेपूटही त्यात मोडत नाही. फक्त ऑर्डर दिवाळीच्या आत द्यावी लागेल. दिवाळी झाली की ती माणसं कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती थेट होळीलाच परततात.

आपली,
एक वाचक, ता. नवापूर, जि. नंदुरबार
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)